मधला पाइप आणि चिक्कीचा पाक

आमच्या घरात महत्त्वाचे बोलणे नेहमी ओरडून होई, आणि त्याला कारण आमची गाडी होती.

ती आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी वडिलांनी एका इनामदार घराण्याकडून घेतली. त्या घराण्याने पुण्याला बिऱ्हाड हलवले तेव्हा तिथे गाडीला जागा नव्हती. जागा आमच्याकडेही नव्हती. पण कोल्हापूरच्या कोर्टात वर्षानुवर्षे दिवाणी दावे चालवणारे माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, एखाद्या गोष्टीच्या प्रेमात पडले की स्थळपाहणी करीत नसत. गाडी पिस्त्याच्या रंगाची, मागे माशासारखे पर असलेली, आणि लांबीने एवढी की तोंड फाटकात शिरले तरी शेपूट गल्लीत उरावे. ती सुरू झाली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची पातेली एकमेकींशी बोलू लागत. आत बसलेल्या माणसांना मात्र बोलायचे तर ओरडावेच लागे, आणि ओरडून बोलणाऱ्या माणसाला आडपडदा ठेवता येत नाही, हे माझे स्वतःचे निरीक्षण आहे. बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळाल्याचे मी आबांना गाडीतच सांगितले. आईने माहेरच्या जमिनीचा विषय तिथेच काढला. मी पुढे पदार्थविज्ञान घ्यावे की घेऊ नये, हा वाद कसबा बावड्याहून परतताना झाला, आणि आम्ही घरी पोचण्यापूर्वी रस्त्यावरच्या सर्वांना त्याचा निकाल ठाऊक झाला होता. गाडीतून उतरलो की आम्ही तिघेही तशी अबोलच माणसे.

मी सांगते आहे ती हकीकत सत्तरीच्या दशकाच्या अखेरची. मी एम.एस्सी. झाले होते, ध्वनिशास्त्र हा माझा विशेष विषय होता, आणि बंगळूरच्या एका संस्थेने मला संशोधनासाठी प्रवेश देऊ केला होता. आबांनी त्यावर हो म्हटले नव्हते आणि नाहीही म्हटले नव्हते. वकील गप्प बसला की पुढची तारीख पडली असे समजावे.

तशात एका सकाळी, नेमक्या कोर्टाच्या दारात, गाडीचा मधला पाइप गळून पडला.

इंजिनातून निघालेला धूर गाडीच्या पोटाखालून मागच्या सायलेन्सरपर्यंत नेतो तो मधला पाइप. आमच्या इंजिनात चार सिलिंडर उजवीकडे आणि चार डावीकडे, म्हणून पाइपही दोन. दोन्ही गंजून त्यांची जाळी झाली होती. एक पडला, दुसरा शेवटच्या तारेवर लोंबकळत राहिला. त्या अवस्थेत आबांनी संध्याकाळी गाडी घरी आणली, तेव्हा कोपऱ्यावरच्या तालमीतले पैलवान अंगाची माती न झाडता रस्त्यावर आले.

“आबासाब, आत्ता कशी गाडी वाटत्या बगा!” त्यांच्यातला थोरला ओरडला. “ह्योच आवाज ठेवा की!”

तो आवाज ठेवू देणार नाहीत असे एकच गृहस्थ गल्लीत होते. आमच्या शेजारी मुलींच्या शाळेतले गायन मास्तर राहत. पहाटेपासून शाळेची वेळ होईपर्यंत ते रस्त्याकडच्या खिडकीत बसून रियाझ करीत, आणि आबा कोर्टाला निघाले की त्यांना दररोज गाणे थांबवावे लागे. त्या दिवशी ते शाल पांघरून आमच्या पायरीवर आले. ते नेहमी अतिशय शुद्ध आणि अतिशय दुःखी मराठीत बोलत.

“वकीलसाहेब, मी मोठ्या कष्टाने खर्जात उतरतो, आणि उतरून पाहतो तो आपली गाडी तिथे आधीच येऊन बसलेली. आजवर सोसले. पण आजचा आवाज! आज माझ्या तंबोऱ्याच्या तारा मी न छेडता वाजल्या.”

“अनुनाद,” मी आतून म्हणाले. मला राहवले नाही.

आबांनी माझ्याकडे पाहिले. कोर्टात ते छापील मराठी बोलत. घरी त्यांची जीभ सैल सुटे. मास्तर गेल्यावर ते झोपाळ्यावर बसून म्हणाले, “तू आवाजाचंच शिकलीस न्हवं?”

“हो.”

“मग बंगळूरला जाऊन जे करणार, ते हितं करून दाव. मधला पाइप तू निवड. मी मधी बोलणार न्हाई. पाइप बसला, गाडी मास्तरांच्या खिडकीखालनं गेली आणि मास्तरांचं गाणं थांबलं न्हाई, तर तू बंगळूरला. थांबलं, तर हितल्या कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा हाय, ती धरायची.”

“थांबलं म्हणजे किती थांबलं?”

“थांबलं म्हंजे थांबलं. श्वास घेतला तर चालंल.”

आई दारात डाळ निवडत होती. ती म्हणाली, “लोक पोरींची पत्रिका बघतात. आमच्यात पाइप बघतात.”

मी लगेच कामाला लागले. त्या काळी अशा गाडीचा नवा पाइप दुकानात जाऊन घ्यावा म्हटले तर दुकानदार आधी गाडीचे नाव ऐकून हसे आणि मग चहा पाजून वाटेला लावी. म्हणून निवड करायची ती जे हाती लागेल त्यातून. आठवड्याभरात आमच्या अंगणात तीन उमेदवार मांडले गेले, आणि मला प्रथमच मुलगी पाहायला आलेल्या पक्षाच्या बाजूला बसण्याचा आनंद मिळाला.

पहिला उमेदवार मुंबईचा. आबांच्या एका स्नेह्याने तिथल्या जुन्या बाजारातून तयार पाइपांची जोडी ट्रकने पाठवली होती. दिसायला देखणी, वरून चकाकणारी. मी एका टोकाला बूच मारून पाइप पाण्याने भरला, पाणी मापात ओतून आतली पोकळी काढली, आणि स्थळ नापसंत केले. पाइप फार अरुंद होता. त्यातून आठ सिलिंडरांचा धूर काढणे म्हणजे जोतिबाची सगळी यात्रा एका दिंडी दरवाज्यातून बाहेर काढणे. आवाज कमी झाला असता. पण आतल्या आत दम कोंडून गाडी घाटात बसली असती.

दुसरा उमेदवार आमच्या मिस्त्रींनी आणला. त्यांचे उद्यमनगरात वेल्डिंगचे दुकान होते, ऑइल इंजिने दुरुस्त करण्यात हयात गेली होती, आणि “माहीत नाही” हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. आवाज तालमीतल्या पैलवानांना लाजवील असा. साखर कारखान्याच्या भंगारातला बॉयलरचा एक दणकट नळ त्यांनी अंगणात असा टाकला की फरशीला तडा गेला.

“ताई, ह्यो घ्या. सरळसोट. आन मागच्या पुंगळ्या काढून टाका. गाडी नुसती सुटंल!”

सायलेन्सरच्या आत आवाज अडवायला बसवलेली भोकाभोकाची नळी असते, तिला आमच्याकडे पुंगळी म्हणतात. आणि वाहन विकत घेतल्यावर आधी नारळ फोडायचा की आधी पुंगळी काढायची, याबद्दल कोल्हापुरात दोन मते आहेत.

“मिस्त्री, आवाज कमी करायचाय.”

“कमी?” त्यांनी आबांकडे पाहिले. एखाद्याने तांबड्या रश्श्यात साखर मागावी तशी त्यांची मुद्रा झाली. “आवाज कमी करायचा तर मग गाडी कशाला? सायकल हाय की.”

तिसरा उमेदवार कागदावर होता, म्हणजे माझ्या डोक्यात होता. मी गाडीखाली आडवी पडून, जुने पाइप कसेबसे तारेने बांधून, इंजिनचे दोन्ही बाजूंचे ठोके वेगवेगळे ऐकले होते. उजवीकडचे चार सिलिंडर समान अंतराने धूर सोडत नाहीत. दोन ठोके लागोपाठ येतात आणि मग पोकळी पडते. डावीकडेही तसेच, पण पोकळी वेगळ्या जागी. दोन हलगीवाले एकाच मिरवणुकीत एकमेकांकडे पाठ करून वाजवत असावेत, तसा तो प्रकार होता. दोन्ही पाइपांच्या मध्ये एक आडवा पाइप टाकून त्यांना जोडले, तर एकाची पोकळी दुसऱ्याचा ठोका भरून काढील, आणि धडधडीऐवजी सलग घुमारा राहील. शिवाय पाइप रुंद ठेवता येईल, म्हणजे गाडीचा दमही कोंडणार नाही.

हे मी मिस्त्रींना हलगीच्या भाषेत सांगितले. ते गाडीला टेकून बराच वेळ दोन्ही हातांनी बोनेटवर ताल धरत राहिले.

“म्हंजे दोघास्नी समोरासमोर उभं करायचं.”

“बरोबर.”

“मग असं सांगा की आधी! इंग्रजीत कशाला सांगतासा?” मी एकही शब्द इंग्रजी बोलले नव्हते.

पाइप आम्ही दूध डेअरीतून निघालेला घेतला. दूध वाहून नेणारा स्टेनलेसचा पाइप पातळ, हलका, कधी न गंजणारा. अडचण एकच होती. गाडीच्या पोटाखालून जाताना त्याला दोनदा वेलांटीसारखे वळण द्यायचे होते. पाइपात वाळू ठासून, तापवून, मग वाकवायचा, ही मिस्त्रींची रीत बॉयलरच्या नळाला मानवली असती. दुधाचा पाइप तापताच दबला, आणि चरकातून निघालेल्या चिपाडासारखा चपटा होऊन बाहेर आला.

“ह्यो लई नाजूक हाय,” मिस्त्री म्हणाले. “दुधावर वाढलेला.”

तापवायचा नसेल तर थंडच वाकवावा लागणार होता, आणि त्यासाठी आत असे काही हवे होते जे ओतताना पातळ असेल, थंड झाल्यावर दगड होईल, दबणार नाही, आणि काम झाल्यावर पुन्हा वितळून बाहेर येईल. मी मोठ्याने विचार करू लागले. राळ पुरेशी मिळणार नव्हती. मेण मऊ. शिसे विषारी.

“गूळ वता की,” मिस्त्री म्हणाले.

मी हसण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. गुऱ्हाळे जोरात चालू होती, मिस्त्रींचे चुलते गुळव्या होते, आणि गूळ उतरवण्याचे दिवस असल्याने तो हवा तेवढा मिळणार होता. पण हसू थांबले ते वेगळ्या कारणाने. पाक एका मर्यादेपलीकडे आटवला की थंड झाल्यावर त्याचे स्फटिक बनत नाहीत. तो काचेसारखा गोठतो. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने चिक्की ही काचच आहे. मिस्त्रींनी सुचवलेली गोष्ट शास्त्राला सोळा आणे धरून होती. तसे मी त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “असणारच की!”

पाक कधी तयार होतो हे मात्र आम्हा दोघांपैकी कोणालाच नक्की सांगता येईना. म्हणून दुसऱ्या दिवशी माझी आई, कढई आणि झारा घेऊन, आयुष्यात प्रथमच उद्यमनगरात आली. वेल्डिंगच्या दुकानात चूल मांडली गेली. शेजारच्या दुकानांतली माणसे हातातली कामे टाकून जमा झाली. आईने पदर खोचला, पाकाचा एक थेंब थंड पाण्याच्या वाटीत टाकला, बोटांनी दाबून पाहिला.

“गोळीबंद आहे अजून. ह्याचे लाडू होतील, पाइप व्हायचा नाही.”

“मावशी, उशीर व्हतोय की,” मिस्त्री म्हणाले.

“तुमच्या वेल्डिंगमध्ये मी बोलते का?”

पुढच्या थेंबाला आईने वाटीच्या काठावर आपटले. टण् असा आवाज आला. “वाजला. आता ओता.”

पाक ओतला, पाइप रात्रभर थंड केला, आणि सकाळी मिस्त्रींनी अंगचा सारा जोर लावून तो वाकवला. आतून चिक्की कडाकडा मोडल्याचा आवाज आला, पण पाइपाची गोलाई कणभरही बिघडली नाही. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईने उरलेला पाक पुन्हा वितळवून, त्यात शेंगदाणे घालून तिथल्या तिथे चिक्की थापली आणि सर्वांना वाटली.

मग पाइप उकळत्या पाण्याने धुतले. आत गूळ उरला आहे का, हे पाहायची युक्ती माझी होती, आणि मला तिचे फार कौतुक वाटत होते. डोळ्याला वळणाच्या पोटातले दिसत नाही. मुंगीला मात्र कळते. धुतलेले पाइप मी मिस्त्रींच्या आवारात मुंग्यांच्या वारुळाशेजारी ठेवायला सांगितले. मुंग्या आल्या तर पुन्हा धुवायचे, न आल्या तर पाइप स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पाइपापाशी एकही मुंगी नव्हती. त्यांची रांग पाइपाजवळ येऊन लांबून वळसा घालून जात होती. मी चाचणी यशस्वी ठरवली, मिस्त्रींनी आडवा पाइप जोडला, दोन्ही जोड पक्के केले, आणि गाडी सिद्ध झाली.

परीक्षेची सकाळ गुप्त ठेवावी अशी माझी इच्छा होती. मास्तरांना पूर्वकल्पना असेल तर त्यांचे कान टवकारलेले राहणार, मग निरीक्षणाला अर्थ काय? पण कोल्हापुरात गुप्त ठेवण्याजोगे काही नसते. सकाळी फाटक उघडले तर तालीम रांगेत उभी, समोरच्या ओट्यांवर बायका, आणि मिस्त्री नवा सदरा घालून हजर. मास्तर तेवढे नेमाने खिडकीत गात होते. डोळे मिटलेले होते. कान मिटता येत नाहीत.

आबांनी किल्ली फिरवली. इंजिन घुमले. धडधड नव्हती. गाभाऱ्यात कुणी ओम् धरून बसावे तसा एक सलग, गोल घुमारा होता. गाडी फाटकातून बाहेर पडली. मास्तरांचा आलाप चालूच. गाडी खिडकीखाली आली. आलाप चालूच. मी मनातल्या मनात बंगळूरला पोचले.

तेवढ्यात पाइप तापले.

आधी मागून निळसर धुराची रेघ निघाली. मग वास आला. खरपूस, गोड, दाट वास. उतू जाणाऱ्या काहिलीचा, करपणाऱ्या गुळाचा. बघता बघता तो गल्लीभर पसरला.

“आबासाब,” तालमीतला थोरला ओरडला, “गुऱ्हाळ काढलंसा व्हय? काकवी ठेवा आमास्नी!”

आणि मास्तरांचे गाणे थांबले. तंबोरा बाजूला ठेवल्याचा आवाज आला, पावले आत धावली, आणि आतून मास्तरांचा खणखणीत, बिलकूल शुद्ध नसलेला आवाज आला, “अगं, पुरण लागलं! पुरण लागलं बघ!”

आतून त्यांच्या बायकोचे उत्तर आले, “मी पुरण घातलंच नाहीय!”

आबांनी गाडी बंद केली. त्यांच्या चेहऱ्यावर विरोधी साक्षीदार फुटल्यावर येते तशी सौम्य उदासी होती. “गाणं थांबलं.”

“आवाजानं नाही थांबलं. वासानं थांबलं.”

“अटीत कारण घातलं न्हवतं.”

“आबा, हा पाइपाचा दोष नाही, गुळाचा आहे!”

“गूळ पाइपातच हाय न्हवं? मग त्यो पाइपाचाच भाग.”

“पण मुंग्या आल्या नव्हत्या!” मी मिस्त्रींकडे वळले. “मिस्त्री, पाइप धुतल्यावर तुम्ही काय केलंत?”

“काय न्हाई. तुमची वस्तू म्हणून चकाकावी, तर रॉकेलनं आतनं-बाहेरनं पुसली की.”

मी डोळे मिटले. रॉकेलला मुंगी शिवत नाही. माझी चाचणी, जगातले सर्वांत संवेदनशील उपकरण वापरून, रॉकेलचा वास येतो एवढेच सिद्ध करून बसली होती.

आबा निकाल देण्याच्या बेतात होते. आईने दारातून हाक मारली. “अहो, दुपारच्या पानात काही पडायला हवं असेल, तर निकाल राखून ठेवा. पाक मी केला होता, आणि माझा पाक नापास करायचा असेल तर आधी मला विचारा.”

निकाल राखून ठेवला गेला.

दोन दिवसांनी आबांना एका दाव्यातली जमीन पाहायला आजऱ्याला जायचे होते. आईला तिथले काजू हवे होते आणि मला पाइपातला गूळ जाळायचा होता, म्हणून आम्ही तिघेही निघालो. पहिला काही वेळ आमच्यामागे गुऱ्हाळ चालले होते. वाटेतली गुरे माना वर करून पाहत. मग वास विरत गेला. चढावर इंजिनाने दम सोडला नाही, पाइप कुठे वाजला नाही. घुमारा इतका हलका होता की काचेवर बसलेल्या माशीची भुणभुण ऐकू यावी.

आणि गाडीत कोणी बोलेना.

आबांनी दोनदा घसा खाकरला. आईने पिशवीतून डबा काढून परत पिशवीत ठेवला. मला बंगळूरबद्दल विचारायचे होते. पण साध्या आवाजात, एवढ्या जवळून, ते कसे विचारायचे हे मला कळेना. मागच्या वर्षी हाच प्रश्न मी याच सीटवरून ओरडून विचारला असता, आणि त्यांनी “बघू!” असे ओरडून सांगितले असते, आणि विषय खिडकीतून बाहेर उडून गेला असता. आता तो आत राहिला असता.

बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, “रस्ता बरा हाय.”

“हो,” मी म्हणाले.

आजरा येईपर्यंत एवढेच.

परतल्यावर आबा रोज त्याच गाडीतून कोर्टाला जाऊ लागले. राखून ठेवलेल्या निकालाचा विषय ते काढीत नव्हते, आणि फेरपरीक्षेची मागणी मी करीत नव्हते. कारण मास्तरांना विचारायला जावे तर पुन्हा कान टवकारले जाणार. संस्थेला कळवण्याची मुदत जवळ येत होती. मी रात्री निश्चय करी की उद्या विचारायचे, आणि सकाळी आबा धोतराचा सोगा सावरत गाडीत बसत तेव्हा तो ढिला पडे.

एका संध्याकाळी मास्तरच आमच्या पायरीवर आले. शाल तीच, पण दुःख नवे होते.

“वकीलसाहेब, रागावणार नसाल तर विचारतो. गाडी विकलीत की काय?”

“का?” आबा सावध झाले.

“सकाळचा आवाज येईनासा झाला. आपल्याला हसू येईल, पण आपली गाडी निघाली की मी ओळखत असे, आता तंबोरा ठेवायचा, शाळेला निघायचे. आता मला काळवेळच कळत नाही. गातच राहतो. या आठवड्यात तीन वेळा शाळेत उशिरा पोचलो. मुख्याध्यापिकाबाई कालच म्हणाल्या की आपल्या कलेबद्दल आदर आहे, पण हजेरीबद्दल नाही.”

मी बाहेर आले. “मास्तर, म्हणजे गाडी रोज जाते ते तुम्हाला कळतच नाही?”

“रोज जाते?” मास्तर खरोखर दचकले. “खिडकीखालून?”

मी आबांकडे पाहिले. न विचारता स्वतःहून आलेल्या साक्षीचे मोल वकिलाच्या मुलीने वकिलाला सांगू नये. आबा झोपाळ्यावर पाय टेकून तो थांबवून बसले. मग उठले, आत गेले, आणि जाताना माझ्याकडे न बघता म्हणाले, “संस्थेला तार कर.”

मी जिंकले होते. आनंदाने मी ती तार इतकी लांब लिहिली की पोस्टातल्या माणसाने हसून तिचे दोनच शब्द ठेवले.

पण आबा जिंकल्यासारखे वागत नव्हते आणि हरल्यासारखेही नाही. गाडी पुसताना ते गप्प असत. तालमीतल्या पोरांनी एकदा विचारले, “आबासाब, गाडी आजारी हाय व्हय? दवाखान्यात दावा की!” एरवी त्यांना झणझणीत उत्तर मिळाले असते. त्या दिवशी आबा नुसते हसले.

“आवाज फारच कमी झाला का?” मी त्यांना विचारले.

“न्हाई. चांगला झालाय.” त्यांनी फडका पिळला. “गाडीचा आवाज गेला, आता तूबी चाललीस. मास्तर गात बसतील. आमी दोघं ऐकत बसू.”

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस्त्रींकडे गेले.

“मिस्त्री, आवाज कमी ठेवायचा, आणि पाहिजे तेव्हा मोठा करायचा. जमेल?”

मिस्त्रींच्या डोळ्यांत मी प्रथमच माझ्याविषयी आदर पाहिला. “ताई, आत्ता तुमी शाण्यासारखं बोललासा.” त्यांनी थोडा विचार केला. “उसाला पाणी पाजताना काय करतोय? दारं मोडतोय. एका सरीतलं पाणी दुसऱ्या सरीत. तसं धुराला दारं करू.”

दोन्ही पाइपांना, सायलेन्सरच्या अलीकडे, आम्ही एकेक झडप बसवली. कुठे आणि केवढी, हे मी ठरवले. ती उघडताना अडकणार नाही हे त्यांनी पाहिले. झडपांना ऑइल इंजिनची तार जोडली आणि तार आत आणून चालकाच्या गुडघ्याजवळ एका लाकडी मुठीला बांधली. मूठ ओढली की झडपा उघडत आणि धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर पडे. आबांना दाखवले तेव्हा त्यांनी मूठ एकदाच, अलगद ओढली. फळीवरची पातेली बोलली. मास्तर खिडकीतून डोकावले, घड्याळाकडे धावले, आणि पुन्हा येऊन म्हणाले, “वकीलसाहेब, रोज एवढेच. निघताना. फक्त एकदा.”

मी निघाले त्या दिवशी बंगळूरची आगगाडी मिरजेहून होती. माझी ट्रंक मागे, आई मागे, मी आबांच्या शेजारी. गल्लीतून आम्ही चिडीचूप निघालो; मास्तर शाळेला गेले होते, त्यामुळे मुठीला हात लावायचे कारण नव्हते. गाव मागे पडू लागले. घुमारा एवढा हलका होता की मागे आईच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आबा रस्त्याकडे पाहत होते. मला सांगायच्या गोष्टी पुष्कळ होत्या, आणि त्यांतली एकही साध्या आवाजात सांगण्याजोगी नव्हती.

उचगाव मागे गेले, घरे विरळ झाली, दोन्ही बाजूंना ऊस लागला. आबांनी माझ्याकडे पाहिले, मग मुठीकडे.

“वढ,” ते म्हणाले.

मी दोन्ही हातांनी ओढली. झडपा उघडल्या, आणि आठही सिलिंडर एकदम बोलू लागले. सीट थरारली, काचा थरारल्या, बांधावरचे बगळे उठले.

“जेवत जा येळच्या येळी!” आबा ओरडले.

“जेवीन!” मी ओरडले.

“कुणाला भ्यायचं न्हाई! आपल्याला कळलं न्हाई तर विचारायचं! न्हाई सांगितलं तर पुन्हा विचारायचं!”

“विचारीन!”

“आन तितं करमलं न्हाई तर—” त्यांनी हॉर्न वाजवला, वाटेत काही नसताना. “तर करमवून घ्यायचं! तसंच यायचं न्हाई! काय?”

“नाही येणार! आबा, गुडघ्याला तेल लावत जा! आणि मूठ रोज ओढत जा, नाहीतर तार गंजेल!”

“वढीन की!”

मागून आईने आम्हा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून, त्या सगळ्या आवाजाच्या वर आवाज काढला, “अहो, ऐकू येतंय तिला! एवढं काय ओरडताय!” आणि लगेच माझ्या कानाशी वाकून तितक्याच जोरात, “ट्रंकेत खालच्या बाजूला चिक्की आहे! एकटी खाऊ नकोस!”

हातकणंगल्यापर्यंत मूठ कोणी आत ढकलली नाही.